गोरोबाकाकांचे थापटणे आणि रामन वर्णपट

तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. परंतु नादावरून अंतरंग ओळखण्याची कुंभाराची ही रीत आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात गवसलेला प्रकाशपरिणाम यांचे गोत्र एकच आहे. पदार्थावर एकरंगी लेसरचा झोत टाकला असता परतणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रेणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करून आपला रंग किंचित बदलतो. त्या बदलाचा आलेख म्हणजे रामन वर्णपट.

याच तेरला, म्हणजे प्राचीन ‘तगर’ नगरीत, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. तेथल्यासारखा एखादा लाल मणी अकीक की रंगीत काच, हा प्रश्न मण्याला ओरखडाही न काढता या झोताने सोडवता येतो. अकीक हा गारगोटीच्याच कुळातला, म्हणून त्याचा मुख्य सुळका ४६४ या तरंगसंख्येपाशी ठळक उभा राहतो. काचेचे मात्र रुंद, पसरट उंचवटे दिसतात.

प्रत्यक्षात हा सुळका इतका सुखासुखी दर्शन देत नाही. मण्याला चिकटलेल्या मातीतील सेंद्रिय अंश लेसरखाली स्वतःच चमकू लागतो आणि त्या चकाकीत क्षीण वर्णपट बुडून जातो. येथे संगणक प्रणाली कामाला येते: ती पार्श्वभूमीचा चढ वजा करते, अंतराळातून आलेल्या किरणांनी उमटवलेले खोटे काटे खुडते, सावित्स्की आणि गोले यांनी १९६४ साली मांडलेल्या रीतीने रेषेची थरथर शमवते, आणि मग ‘रफ’ या खनिजांच्या जाहीर दप्तराशी त्या आलेखाची रुजुवात घालते. माणसाला दिवसभर पुरेल असे हे काम ती क्षणार्धात उरकते, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु ही प्रणाली कारकून आहे, मुन्सफ नव्हे. खनिजांच्या दप्तरात काचेची नोंदच नसेल, तर काचेचा मणी पुढे केल्यावरही ती निमूटपणे जवळच्या एखाद्या खनिजाचे नाव यादीच्या शिरोभागी लिहून देते, कारण यादीत पहिला कोणीतरी असतोच. रेषा गुळगुळीत करण्याचा हव्यास वाढला, तर अकीकात बहुधा आढळणाऱ्या मोगॅनाइट खनिजाची ५०१ जवळची इवलीशी खूणही पुसली जाते, आणि नेमका तोच महत्त्वाचा दाखला हरवतो. म्हणून उद्या कोणी संगणकाचा हवाला देऊन एखाद्या मण्याचे नाव आपल्यापुढे ठेवले, तर वाचकहो, त्याच्याजवळचा मूळ, असंस्कारित आलेख आधी मागून घ्या.