पकडलेले शिसे जाते कुठे?

पाला धुवायचा, उकळायचा, गाळायचा आणि त्या अर्कात लोहक्षाराचे द्रावण ओतायचे. पिवळसर पाणी बघता बघता काळेभोर होते. वनस्पतींपासून नॅनोकण करण्याची ही कृती इतकी सोपी आहे की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयात ती सहज जमावी. अर्कातली टॅनिनसारखी द्रव्ये धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, कण जन्मतात, आणि तीच द्रव्ये कणांना वेढून बसतात, म्हणून ते एकमेकांना लगेच चिकटत नाहीत. महाराष्ट्रात या विद्येचा पाया पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घातला गेला. मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिरेनियम आणि कडुनिंबाच्या पाल्यातून सोन्या-चांदीचे कण मिळवले. २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये त्यांनी दाखवले की आपल्या परसातल्या गवती चहाच्या अर्कात सोन्याचे चपटे त्रिकोण तयार होतात. त्या कामाने विलक्षण दारे उघडली. सोन्याकडून लोखंडाकडे आणि तिथून दूषित पाण्याकडे ही वाट पुढे जगभर रुंद झाली.

लोहाच्या कणांचे सामर्थ्य त्यांच्या पृष्ठभागात आहे. दहा नॅनोमीटर व्यासाचे मॅग्नेटाइटचे कण घेतले, तर एका ग्रॅममध्ये साधारण ११५ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे बाराशे चौरस फुटांहून जास्त. शिसे आणि आर्सेनिक त्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी बांधले जातात. क्रोमियमचे तर रूपच बदलते: षट्‌संयुजी, विषारी, पाण्यात सहज विरघळणारे क्रोमियम लोहाकडून इलेक्ट्रॉन घेऊन त्रिसंयुजी होते आणि गाळात बसते. शिवाय मॅग्नेटाइट चुंबकाकडे ओढले जाते, त्यामुळे काम झाल्यावर कण पाण्यातून वेगळे काढता येतात. सातपुड्यात आवळा आहे, बेहडा आहे, टॅनिनची वाण नाही. म्हणून ‘स्थानिक पाला, स्वस्त इलाज, शुद्ध पाणी’ हे समीकरण ओठांवर यायला वेळ लागत नाही. माझा आक्षेप त्या घाईला आहे. या कणांची परीक्षा ते कशापासून बनले यावर होता कामा नये. धातू पकडल्यानंतर ते कुठे जातात, यावर ती व्हायला हवी.

आधी त्या काळ्या रंगाकडेच पाहू. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते, हे आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. पाल्याच्या अर्कात लोहक्षार ओतल्यावर दिसणारा काळेपणा अनेकदा तोच असतो: शुद्ध लोहकण नव्हेत, तर लोह आणि पॉलिफिनॉलची संयुगे. २०१४ साली ग्रीन टीपासून केलेल्या अशाच कणांचा अभ्यास झाला आणि जलजीवांना ते लक्षणीय विषारी ठरले. ‘हिरव्या’ पद्धतीने बनलेली वस्तू निरुपद्रवी असतेच असे नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. ऊर्ध्वपातित पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम शिसे घालून ९० टक्के काढले, तर आलेख सुंदर दिसतो. पण उरलेले ५ मिलिग्रॅम भारतीय मानकाच्या ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पाचशे पट असते. शिवाय बेसाल्टमधून झिरपलेले विहिरीचे पाणी ऊर्ध्वपातित नसते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सिलिका असतात, शेताजवळ फॉस्फेटही. आर्सेनिकला हव्या असलेल्या जागा सिलिकेट आणि फॉस्फेट अडवतात. तेव्हा चाचणी झालीच तर ती अक्कलकुव्याच्या हातपंपाच्या आणि तापीकाठच्या कूपनलिकेच्या पाण्यावर व्हावी. त्याआधी त्या पाण्यात कोणता धातू किती आहे हे मोजले पाहिजे. गावपातळीवरच्या तपासणी संचाने फ्लोराइड, नायट्रेट, पाण्याचा कठीणपणा कळतो. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम शिसे ओळखायला मोठ्या प्रयोगशाळेतले उपकरणच लागते.

यावर कुणी म्हणेल, दुर्गम पाड्यांनी परिपूर्ण तंत्राची वाट पाहत बसायचे का? अजिबात नाही. म्हणूनच तिथे आधी स्रोत बदलावा, झऱ्याचे संरक्षण करावे, नळाचे पाणी न्यावे. घराघरांत कणांची पुडी वाटली, तर ती संपृक्त झाल्याचे ना चवीने कळते ना रंगाने, आणि सामू बदलला की पकडलेला धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतो. मग जबाबदारी कुणाची? माझ्या मते हे तंत्र शोभते ते विद्युतविलेपनाच्या कारखान्यात. तिथे सांडपाण्यात क्रोमियम भरपूर असते, ते एकाच नळीतून बाहेर पडते, आणि गाळाचा हिशेब ठेवणे कायद्याने बंधनकारक असते. वापरलेला कण हा शेवटी घातक कचराच. राज्यात त्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. सगळी नंदुरबारपासून शेकडो किलोमीटर दूर. धडगावच्या डोंगरात या कणांनी पाणी शुद्ध करणारे संयंत्र बसवायचा प्रस्ताव आला, तर त्यात पाल्याच्या खर्चाच्या आधी त्या गाळाच्या वाहतुकीचा खर्च, दरवर्षीचा, लिहिलेला असावा, आणि तो कोण भरणार त्या कार्यालयाचे नावही.