ओव्याच्या तेलातली ताकद

कापूर, पुदिनाफूल आणि ओवाफूल हे तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून ठेवा. पाण्याचा थेंबही न घालता थोड्या वेळात त्यांचा द्रव होतो. मिसळल्यावर या पदार्थांचा वितळणबिंदू खोलीतल्या तापमानाच्याही खाली उतरतो, एवढंच त्यामागचं कारण. हीच आपली अमृतधारा. त्यातलं ओवाफूल म्हणजे थायमॉल. एकटं असताना ते सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळतं.

ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के सुगंधी तेल असतं आणि त्यात मुख्यतः थायमॉल, गॅमा-टर्पिनीन व पॅरा-सायमीन. झाड टर्पिनीनपासूनच थायमॉल घडवतं. त्यामुळे वाण, जमीन, काढणीची वेळ बदलली की प्रमाणही बदलतं. कधी तेलात निम्म्याहून जास्त थायमॉल, कधी बरंच कमी. ‘ओव्याचं तेल जंतुनाशक आहे’ हे विधान म्हणूनच अर्धवट. कुठलं तेल, हे आधी सांगायला हवं.

जिवाणूचं पेशीपटल स्निग्ध असतं आणि थायमॉलही तेलकट, त्यामुळे ते पटलात सहज शिरतं. त्याच्या रेणूवरचा हायड्रॉक्सिल गट पटलाची घडी विस्कटतो, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं. सायमीनकडे हा गट नाही, म्हणून एकटं ते दुबळं. स्टॅफिलोकॉकस या माऱ्याला बळी पडतो. बाहेरून आणखी एक आवरण असलेला स्यूडोमोनास सहसा दाद देत नाही.

प्रयोगशाळेतल्या बशीत तेलाभोवती जंतुमुक्त वर्तुळ उमटतं आणि त्याचे मिलिमीटर मोजून बातम्या होतात. पण तेल पाणीदार आगरात नीट पसरत नाही. दोन तेलांची वर्तुळं शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा मोजणं अधिक भरवशाचं.

मात्रेचा मुद्दा इतिहासातही दिसतो. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जर्मनीला जाई, तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई. आतड्यातल्या अंकुशकृमींवर ते औषध होतं. मोठ्या माणसाला काही ग्रॅम द्यावं लागे. चमचाभर, म्हणजे दोनेक ग्रॅम, ओव्यात ते फार तर तीस-चाळीस मिलिग्रॅम भरेल. तेही बरंचसं आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं.

तेव्हा पोट फुगल्यावर ओवा जरूर चावा, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक सोडू नका. आणि निव्वळ तेल लहान मुलांना पाजू नका, त्यांच्या अंगालाही लावू नका. तेवढं थायमॉल कातडी भाजतं.