२१४७४८३६४७ : कॉम्प्युटरचं मोजणं जिथे संपतं

आजचा अख्खा एपिसोड एकाच आकड्यावर आहे. २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. कोडिंग करणाऱ्यांनी हा ओळखला असेलच.

३२ बिटच्या साध्या पूर्णांकात एक बिट चिन्हासाठी जातो, उरतात ३१. ते सगळे १ केले की हा आकडा येतो, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. यात अजून १ मिळवला तर बहुतेक मशीनवर उत्तर येतं उणे २१४७४८३६४८. मीटर शून्यावर येत नाही, थेट उणे टोकाला जाऊन बसतो!

पण हा आकडा कॉम्प्युटरच्या खूप आधी प्रसिद्ध झाला होता, कारण ती मूळ संख्या आहे. १७७२ मध्ये ऑयलरने हे सिद्ध केलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. तपासायचं कसं? वर्गमूळ येतं ४६३४० च्या थोडं वर. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ४,७०० पेक्षा जास्त, आणि प्रत्येकीने भागून बघायचं. हाताने! डोकंच फिरेल.

इथे एक भारी नियम कामाला येतो. घातांक ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे आपल्या आकड्याचा कुठलाही मूळ विभाजक ६२ च्या पटीत १ मिळवूनच येऊ शकतो. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. लहान उदाहरण घ्या. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. आता २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे २२ चोक ८८ अधिक १. बसलं ना? आपल्या आकड्यासाठी या चाळणीतून पहिली संख्या येते ३११. भागून बघा, बाकी ३५ उरते. अशा जेमतेम ऐंशीएक संख्या तपासल्या की काम फत्ते.

कमाल मर्यादा आहे म्हणून ती मूळ आहे, असं मात्र समजू नका. १६ बिटची मर्यादा ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१. ६४ बिटवाली तर ७ ने दोनदा भागली जाते. ३२ बिटला हा योग जुळून आला, इतकंच.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं होतं की असल्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, त्यामुळे याहून मोठी कुणी शोधेल असं वाटत नाही. १८७६ मध्ये ल्युकासने ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली! आणि उपयोगाचं म्हणाल, तर डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल'चे व्ह्यूज याच आकड्यापुढे गेले आणि यूट्यूबला ६४ बिटचा काउंटर सांगावा लागला.

व्ह्यूजचं ठीक आहे हो, खरी काळजी वेळेची. युनिक्स पद्धतीत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. ३२ बिटमध्ये ते १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, बरोब्बर या आकड्यावर पोचतात. पुढच्या सेकंदाला जुनी सिस्टीम डिसेंबर १९०१ दाखवेल. तुमचा ६४ बिटचा फोन बहुधा निवांत असेल. माझा जीव अडकतो तो भिंतीवरच्या मीटरमध्ये, कारखान्यातल्या कंट्रोलरमध्ये, एकदा बसवून विसरलेल्या यंत्रांमध्ये. आणि २० वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला तर २०३८ ची वाट बघायचीही गरज नाही, त्याला ती तारीख आजच लागते.