दहा दिवसांचे दुकान, छायाचित्रांचा माल

दिवाळीच्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या मॉलमध्ये आणि प्रदर्शनांच्या मांडवांत दहा-पंधरा दिवसांचे स्टॉल लागतात. घरातील एखादा तरुण तेथे आपल्या छायाचित्रांच्या प्रिंट मांडावयाचे म्हणतो, तेव्हा वडीलधारी मंडळी विचारतात, ‘फोटो विकत कोण घेणार?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर वादाने नव्हे, खातेवहीने द्यावे.

खानदेशाला ही कला परकी नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे मेजर रॉबर्ट गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही टिपली. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या ग्रंथात ती प्रत्यक्ष प्रिंटच्या रूपाने चिकटवून लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. गिल यांची कबर भुसावळला आहे. पुढे चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलटॉप छायाचित्रणात मोठा लौकिक मिळविला. कला येथे होती. गिल यांच्या छायाचित्रांना बाजारपेठ मात्र लंडनची लाभली. आज गिऱ्हाईक गावातल्याच मॉलमध्ये येते, एवढी सोय झाली आहे.

आता हिशेब पाहू. समजा, दहा दिवसांचे भाडे २५,००० रुपये, मांडणी, दिवे व वाहतूक १०,००० आणि मदतनीस ५,०००. म्हणजे ४०,००० रुपये खर्च ठरलेलाच. लहान प्रिंट ४०० रुपयांस विकली आणि तिला १५० रुपये पडले, तर हाती २५० उरतात. खर्च भरून निघण्यास १६० प्रिंट, म्हणजे रोज सोळा विकल्या पाहिजेत. फ्रेम केलेले मोठे चित्र ३,००० रुपयांचे असून त्यास १,६०० पडत असतील, तर २९ चित्रांत तेवढीच रक्कम सुटते. हे वाचून मोठ्या चित्रांचा मोह होतो आणि भांडवल तेथेच अडकते. अशी ५० चित्रे तयार केली व १५ खपली, तर ३५ चित्रांचे ५६,००० रुपये भिंतीला टेकून उभे राहतात. म्हणून मोठी चित्रे नमुन्यापुरती चार-पाचच ठेवावीत, विसार घेऊन मागणी नोंदवावी आणि रोख विक्री लहान प्रिंटची करावी. दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी आलेल्या कुटुंबास तापीकाठ, रावेरची केळीबाग किंवा लळिंगचा किल्ला परतीच्या पिशवीत मावला, तर तो घेणे सोपे जाते.

आपल्या समाजापुरती एक गोष्ट अधिक जपावयाची आहे. बळसाण्यासारख्या तीर्थाचे चित्र मांडावयाचे असल्यास संस्थेची संमती आधी घ्यावी आणि शक्यतो शिखर, मंडप व परिसरावरच थांबावे. भगवंताच्या प्रतिमेचे चित्र हलक्या कागदावर छापले, तर ते उद्या रद्दीत जाते. शेवटच्या दिवशी ते सवलतीच्या ढिगात पडले, तर आशातना विक्रेत्याच्याच हातून घडते. तेवढी विक्री सोडलेली बरी.

कायद्याचीही दखल घ्यावी. दुसऱ्याचे छायाचित्र छापून विकू नये. छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे त्यावर हक्क राहतो. सुरत किंवा इंदूरला, म्हणजे परराज्यात, स्टॉल लावावयाचा झाल्यास जीएसटीमध्ये नैमित्तिक करपात्र व्यक्तीच्या नोंदणीचा नियम आहे. तिचा अर्ज व्यवसाय सुरू होण्यापूर्वी किमान पाच दिवस करावा लागतो, अंदाजित कर आगाऊ भरावा लागतो आणि एका वेळची मुदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. नोंदणी आवश्यक आहे की नाही, हे आपल्या कर सल्लागारास आधीच विचारावे.

स्टॉल उठला की त्याच रात्री चार आकडे लिहावेत: एकूण विक्री, झालेला खर्च, उरलेला माल आणि नोंदलेली मागणी. स्वतःच्या श्रमाची मजुरीही खर्चात धरावी. घरच्या माणसाचे श्रम फुकट धरले की तोटासुद्धा नफा दिसतो. मजुरी धरूनही मुद्दल परत आले आणि हाती मागणी असली, तर पुढच्या दिवाळीची जागा निःशंकपणे घ्यावी. नाही आले, तरी कर्ज काढून कायमचे दुकान थाटण्यापूर्वी मर्यादित तोट्यात खरे उत्तर मिळाले. मग मुलाने ते उत्तर मान्य करावे आणि वडिलांनी त्यावरून मुलाच्या हातातला कॅमेरा काढून घेऊ नये. धंदा बसला नाही, एवढ्यावरून कला खोटी ठरत नाही.