स्कोअरबोर्ड सुसाट, डिफेन्स सपाट!

कॉलेज फुटबॉलमध्ये पॉइंट्सचा पाऊस पडतो, तेव्हा डिफेन्सवाले खरंच झोपलेले असतात का?

टेक्सासमधलं लबक शहर. २२ ऑक्टोबर २०१६ची रात्र. टेक्सास टेक विरुद्ध ओक्लाहोमा. फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नव्हे हं, हेल्मेट घालून भिडायचा अमेरिकन फुटबॉल! मॅच संपली तेव्हा स्कोअर होता ६६-५९, ओक्लाहोमाच्या बाजूने. धमाल म्हणजे दोन्ही टीम्सनी बरोब्बर ८५४-८५४ यार्ड्स काढले होते. टेक्सास टेकच्या पॅट्रिक महोम्सने ८८ पास टाकले, पासवर ७३४ यार्ड्स मिळवले आणि तरी तो हरला. पुढे सुपर बोल जिंकणारा हाच तो महोम्स. समोरच्या बेकर मेफिल्डने ७ टचडाऊन पास टाकले होते.

अशा मॅचनंतर शिव्या कोण खातं? अर्थात डिफेन्स. 'साधं टॅकल जमत नाही का रे?' पण बॉस, गोची वेगळीच आहे.

दम खायला वेळ कुठाय?

पूर्वी प्रत्येक प्लेनंतर अटॅकवाले घोळका करून पुढचा डाव ठरवायचे. 'नो-हडल' स्टाईलमध्ये हा घोळकाच गायब. बाहेरून इशारा आला, की बॉल सुटला! त्यात नियम असा, की अटॅकने खेळाडू बदलले तरच डिफेन्सला बदलीसाठी हक्काचा वेळ मिळतो. त्यांनी बदललेच नाहीत, तर सव्वाशे किलोचे गडी धापा टाकत तिथेच उभे.

एक चूक, सहा पॉइंट्स

हाल मम आणि माइक लीच या कोचेसनी 'एअर रेड' नावाचा फंडा रुजवला. चार-चार रिसीव्हर मैदानभर पांगवायचे आणि पास टाकत सुटायचं. लीच २००० ते २००९ टेक्सास टेकचा कोच होता. त्या रात्री टेक्सास टेकचा कोच आणि ओक्लाहोमाच्या अटॅकचा सूत्रधार, दोघंही त्याचेच चेले! डिफेन्सवाले असे पांगले, की एकाचं टॅकल चुकल्यावर मागे सावरायला कुणीच नसतं.

वर डोळ्यांचा धोका. कॉलेजमध्ये पास पडायच्या आधी अटॅकची लाईन तीन यार्ड्स पुढे घुसू शकते. प्रोफेशनलमध्ये फक्त एक. लाईन पुढे आली म्हणजे बॉल घेऊन पळणार, असं समजून डिफेन्सवाला पुढे झेपावतो आणि बॉल त्याच्या डोक्यावरून जातो. तो झोपलेला नसतो, फसवलेला असतो.

आपलेच वैरी

सगळ्यात मोठी गंमत पुढेच. आपल्या अटॅकने एका मिनिटात टचडाऊन केला, की पब्लिक खूश! पण आपला डिफेन्स? बाटलीभर पाणी पिऊन होत नाही, तोच पुन्हा मैदानात. त्यात २०२३पर्यंत कॉलेजमध्ये प्रत्येक फर्स्ट डाऊनला घड्याळ थांबायचं. म्हणजे जास्त प्लेज, जास्त दमछाक.

ही सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. दुसऱ्या दिवशी हायलाइट्समध्ये त्यांचं फक्त निसटलेलं टॅकल दिसतं, आधीची साठ-सत्तर धावपळ नाही. ओळखीचं वाटतंय? वरचे धडाधड नवी प्रोजेक्ट्स उचलतात आणि डेडलाइन हुकली की बोलणी आपल्याला!

तेव्हा पुढच्या वेळी असा स्कोअर दिसला, तर डिफेन्सला नावं ठेवण्याआधी एकच बघा. बिचाऱ्यांना बाकावर टेकायला किती वेळ मिळाला होता?