शहागडच्या उन्हात ‘डी’चा जीन-जागर!

स्थळ : जालना जिल्ह्यातल्या शहागडचा गोदावरीवरचा पूल. वेळ : मे महिन्यातली भरदुपार. सोलापूर-धुळे हायवेवर ट्रकांची वर्दळ आणि... अरेच्चा, तुमची सावली कुठं गेली? भूत-बीत काही नाही, हा आहे शून्य सावली दिवस! मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथं बरोबर माथ्यावर येतो. जुलैचा शो बहुधा ढग खाऊन टाकतात, मेचा मात्र हमखास हाऊसफुल्ल!

आखूड सावली, भरपूर ‘डी’!
माहीत आहे का? सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाच त्वचेतला व्हिटॅमिन ‘डी’चा कारखाना जोरात चालतो. त्याला लागतात यूव्हीबी ही अतिनील किरणं. सकाळचं कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, पण ‘डी’च्या बाबतीत फिकंच!

खिडकीतली फसगत
एसटीच्या बंद काचेतून आलेलं ऊन चटका देतं, ‘डी’ देत नाही. काच यूव्हीबीला बाहेरच थांबवते. तिकीट काढूनही प्रवेश नाही!

सी आहे, डी नाही
जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, तिच्यात व्हिटॅमिन ‘सी’ही मस्त आहे. ‘डी’ मात्र शून्य! रसवंतीवर कितीही ग्लास रिचवा, ‘डी’साठी उन्हातच यावं लागेल.

सूर्यनगरीत दुष्काळ!
एवढं ऊन, मग सगळे ‘डी’मंत असतील? छे! मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी धडधाकट तरुण मंडळी तपासली. २०११मध्ये निष्कर्ष छापून आला : सुमारे ७० टक्के लोकांमध्ये ‘डी’ कमी!

एन्ट्री... जीनची!
एकाच उन्हात दोघं उभे, तरी रक्तातलं ‘डी’ वेगवेगळं. असं का? २०१०मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटानं ‘डी’ची पातळी खालीवर करणारे जीन हुडकले. एक ‘डी’ला रक्तातून वाहून नेतो, एक त्याचा कच्चा माल सांभाळतो, एक यकृतात त्याच्यावर प्रक्रिया करतो. गटाचं नाव? सनलाईट! साबण नव्हे हं, पण धुलाई जोरदार केली.

बारावीचा हिरो
आपल्या गुणसूत्रांची जोडी क्रमांक १२. तिथं बसलाय व्हीडीआर, म्हणजे व्हिटॅमिन ‘डी’ रिसेप्टरचा जीन. ‘डी’ ही किल्ली असेल, तर व्हीडीआर हे कुलूप. किल्ली खिशात असून उपयोग काय, कुलूप नीट हवं ना!

टकल्या उंदरांची गोष्ट
माहीत आहे का? प्रयोगशाळेत व्हीडीआर काढून टाकलेल्या उंदरांचे केस गळतात. गंमत इथंच संपते. त्यांच्यावर अतिनील किरणं सोडली, की साध्या उंदरांपेक्षा त्यांच्या त्वचेवर जास्त गाठी येतात. म्हणजे हे कुलूप त्वचेचा राखणदारही आहे!

गरम पाण्याचा झरा ते शहागड
व्हीडीआरमधल्या एका छोट्या बदलाचं नाव टॅक-वन. हे नाव आलं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूवरून. त्याच जिवाणूच्या एन्झाइममुळे पीसीआर चाचणी घरोघरी पोचली. कोरोनात नाकात काडी घातली होती ना? तोच हा पाहुणा!

तीनचा फरक
आणखी एक बदल : फोक-वन. काहींचं व्हीडीआर प्रथिन ४२७ अमिनो आम्लांचं, काहींचं ४२४ चं. आखूड असलेलं जास्त चपळ! अनेक अभ्यास एकत्र मांडल्यावर फोक-वन आणि बीएसएम-वन या बदलांचा मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरशी संबंध दिसला. पण जपून! संबंध हलका आहे आणि अभ्यास बहुतेक गोऱ्या लोकांवरचे. जीन म्हणजे कुंडली नव्हे, ललाटलेख तर नव्हेच.

पट्टेरी मासा, गोरा रंग
२००५मध्ये झेब्राफिश माशानं त्वचेच्या रंगाचा एक जीन दाखवून दिला. मासाही कुठला, आपल्या भारतीय उपखंडातला! २०१३मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या चमूनं सांगितलं, की उजळ रंग देणारा या जीनमधला बदल भारतीय आणि युरोपीय लोकांना एकाच मुळातून मिळालाय. डीएनएतलं अक्षर बदललं एक, गोरेपणाच्या क्रीमचा बाजार केवढा!

सावळा रंग, डबल रोल
त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन यूव्हीला अडवतं. फायदा : त्वचेचा कॅन्सर भारतात तुलनेनं खूप कमी. तोटा : तेवढंच ‘डी’ बनवायला ऊन जास्त वेळ लागतं. ऑस्ट्रेलियात उलटी तऱ्हा. तिथं तीनपैकी दोघांना सत्तरीच्या आत कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो!

जिथं ऊन पोचत नाही, तिथंच...
ही गोष्ट सगळ्यात मोलाची! गायक बॉब मार्ली १९८१मध्ये अवघ्या ३६व्या वर्षी गेला. मेलानोमा सुरू झाला होता पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. सावळ्या त्वचेत मेलानोमा अनेकदा तळपाय, तळहात आणि नखांखाली लपतो. तिथं सनस्क्रीनचा काय उपयोग?

धोतराचा कॅन्सर!
खरंच! १९४५मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तो वैद्यकीय जगापुढे मांडला. कमरेला घट्ट बांधलेलं धोतर वर्षानुवर्षं घासतं, घाम साचतो, कातडी काळवंडते, जखम होते आणि क्वचित तिचा कॅन्सर होतो. परकराच्या नाडीनंही हेच होऊ शकतं. तेव्हा आईला, आजीला सांगा : नाडी सैल, पट्टा रुंद!

गोळी म्हणजे ढाल नव्हे
अमेरिकेतल्या व्हायटल या चाचणीत २५,८७१ जण सहभागी होते. रोज २,००० युनिट ‘डी’ घेऊनही कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं जरूर घ्या, पण कॅन्सरविरोधी कवच समजून नको.

आता तुमचा टर्न!
जीन बदलता येत नाहीत, सवयी येतात. दुपारी थोडा वेळ उघड्या हातापायांवर ऊन घ्या. दिवसभर मोसंबीच्या बागेत काम असेल, तर रुमाल आणि टोपी विसरू नका. आणि आज रात्री पाय धुताना तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं नीट बघा. नखाखाली रुंदावणारी काळी रेघ, रंग-आकार बदलणारा डाग किंवा महिनाभर न भरणारी जखम दिसली, तर तडक त्वचारोगतज्ज्ञांकडे. दोन मिनिटांची घरची तपासणी, एक रुपयाही खर्च नाही. चला, मोजे काढा!