फिरत्या करवत-गिरणीचे शिकंजे : त्यांचे दोष व सुधारणा

बांधावरील साग, बाभूळ, आंबा, फणस अगर शिवण यांचें लांकूड म्हणजे शेतकऱ्याची पिढ्यान् पिढ्या सांठलेली ठेव होय. एकानें लावावें आणि दुसऱ्यानें तोडावें असा हा व्यवहार आहे. त्यामुळें त्याच्या कापणींत झालेली नासाडी पुढच्या हंगामांत भरून काढतां येत नाहीं. ओंडका वखारीस नेण्याचें भाडें व त्रास वांचावा म्हणून झाडापाशींच येऊन फळ्या पाडून देणाऱ्या फिरत्या करवत-गिरणीचा उपयोग शेतकऱ्यास होण्यासारखा आहे. मात्र या यंत्राचें काम चांगलें वठतें कीं बिघडतें, हें पुष्कळ अंशीं त्याच्या शिकंज्यांवर अवलंबून असतें. या गोष्टीकडे व्हावें तितकें लक्ष दिलें जात नाहीं, म्हणून तिचा येथें थोडा विचार करूं.

यंत्राची रचना

वखारींतील मोठ्या पट्टा-करवतींत पातें उभें व एका जागीं असतें आणि ओंडका गाड्यावर चढवून पात्याकडे ढकलतात. फिरत्या गिरणींत हा प्रकार उलट असतो. ओंडका लोखंडी बैठकीवर स्थिर राहतो आणि आडवें पातें, त्याचीं दोन चाकें व इंजिन यांसह रुळांवरून त्याच्या अंगावर चालत जातें. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें सन १९८२ मध्यें स्थापन झालेल्या वुड-मायझर कंपनीनें या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. हीं यंत्रें हलकीं असून त्यांचें पातें पातळ असल्यानें भुसा कमी पडतो व फळ्या अधिक निघतात.

ओंडक्याच्या एका अंगास बैठकीवर उभे खांब असतात आणि दुसऱ्या अंगानें शिकंजा त्यास त्या खांबांवर दाबून धरतो. दीड फूट जाडीचा व आठ फूट लांबीचा ओंडका सुमारें चौदा घनफूट भरतो. ओल्या लांकडाचें वजन पाण्याइतकें धरलें तर तो चारशें किलोग्रॅमच्या घरांत जातो. एवढें वजन आपोआप जागचें हलणार नाहीं असें वाटतें खरें. पण गोल ओंडका लोळण्यास फार जोर लागत नाहीं. पातें कापांत असतां तो इंचभर फिरला तरी पातें आवळलें जाऊन तुटतें, फळी वांकडी निघते आणि जवळच्या माणसाच्या जिवास धोका होतो.

नेहमीं आढळणारे दोष

पहिला दोष शिकंज्याच्या उंचीचा. गोल ओंडका खांबास आपल्या मध्याच्या उंचीवर टेकतो. शिकंजा मध्याच्या बराच खालीं लागला तर तो ओंडक्यास दाबण्याऐवजीं उचलतो, व ओंडका बैठक सोडून लोळूं पाहतो. उलटपक्षीं, ओंडका चौरस झाल्यावर शिकंजा उंच राहिला तर पातें लोखंडावर आदळतें.

दुसरा दोष खांबांचा. खांब बैठकीशीं काटकोनांत नसले तर शिकंजा कितीहि चांगला असो, फळ्या चौरस निघत नाहींत. फुटामागें एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढा कल असला तरी तो प्रत्येक फळीच्या कडेंत उतरतो.

तिसरा दोष जोराचा. पुष्कळ कारागीर शिकंजा जितका आवळावा तितका बरा असें समजतात. पण ओंडक्याचा शेवटचा तीन-चार इंचांचा भाग फार आवळला तर तो मध्यें वर फुगतो, व त्यांतून निघालेल्या फळ्या टोकांस जाड व मध्यें पातळ येतात.

चौथा दोष वेळेचा. सबंध मळसूत्राचा शिकंजा दरवेळीं वीस-पंचवीस फेरे फिरवावा लागतो. ओंडका वारंवार उलटावयाचा असल्यानें कारागीर कंटाळतो, आणि कंटाळा आला कीं सैल शिकंज्यावरच काम चालू राहतें.

सुधारणा

या सुधारणांस गांवच्या लोहाराची भट्टी व साधें वेल्डिंग पुरें होतें.

शिकंजा एका जाड नळीवर सरकणारा करावा. सुताराच्या लांब शिकंज्याप्रमाणें त्याची वाटी नळीहून किंचित् सैल ठेवावी, म्हणजे ती हातानें झटकन् सरकते आणि दाब येतांच तिरकी होऊन नळीस पकडते. शेवटचा आवळ देण्यासाठीं मध्याबाहेर भोंक पाडलेली चकती दांड्यासह बसवावी. चकतीचा व्यास ८० मिलिमीटर व भोंक मध्यापासून ५ मिलिमीटर बाजूस ठेवल्यास अर्ध्या फेऱ्यांत १० मिलिमीटर आवळ मिळतो. भोंक याहून फार बाजूस नेलें तर चकती आपोआप उलट फिरण्याची भीति असते. दांडा खालीं पडतांना शिकंजा आवळला जाईल अशी त्याची दिशा ठेवावी, म्हणजे इंजिनाच्या कंपानें तो सुटत नाहीं.

शिकंज्याचें तोंड उभ्या दांडीवर वरखालीं करतां यावें. गोल ओंडक्यास तें मध्याच्या किंचित् वर लावून दाब जरा खालच्या दिशेस द्यावा. चौरस झालेल्या ओंडक्यास बैठकीलगत लावावें. तोंडास बाभळीच्या लांकडाचा बदलतां येणारा ठोकळा जडवावा. चुकून पातें लागलेंच तर ठोकळा कापला जाईल, पातें वांचेल. शेवटच्या फळ्यांसाठीं शिकंज्याऐवजीं आठास एक उताराची लांकडी पाचर ठोकणें अधिक सोयीचें.

खांब गुण्या लावून तपासावे व त्यांच्या बुडाशीं बारीक फेरफार करतां येईल असे बोल्ट ठेवावे. पात्याचे दांते ओंडक्यास ज्या बाजूस ओढतात त्याच बाजूस खांब असावे; म्हणजे कापाचा जोर शिकंज्यावर न येतां खांबांवर येतो. दोन शिकंजे ओंडक्याच्या दोन्ही टोकांपासून चौथाई अंतरावर लावावे, आणि साल सुटी असेल तेथें ती तासून काढावी.

निलगिरीसारख्या लांकडांत वाढीचा ताण सांठलेला असतो व कापतांना तो मोकळा होऊन ओंडका वांकतो. अशा वेळीं एका बाजूच्या एक-दोन फळ्या काढून इंजिन बंद करावें, शिकंजा सोडावा, ओंडका उलटावा आणि पुन्हां बेताचा आवळावा. वांक दाबून सरळ केलेला ओंडका शिकंजा सुटतांच पुन्हां वांकतो, हें विसरूं नये.

कायद्याची बाब

झाड आपल्या मालकीचें असलें तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मधील झाडांस तोडीची परवानगी लागते. तसेंच सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर करवत-गिरण्यांवर देशभर कडक नियंत्रण आलें आहे. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वीं अगर भाड्यानें आणण्यापूर्वीं वनखात्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

कापापूर्वींची तपासणी

प्रत्येक कापापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या : ओंडका बैठकीच्या सर्व आडव्या तुळयांवर बसला आहे कीं नाहीं, हातानें ढकलून तो हलतो कीं काय, आणि सर्वांत उंच शिकंजा पात्याच्या वाटेखालीं आहे कीं नाहीं. यास अर्धें मिनिट पुरतें. गिरणी भाड्याची असली तरी मालकानें जवळ उभें राहून ही तपासणी करवून घ्यावी. कारण पातें तुटलें तर दुसरें मिळतें, पण आजोबांनीं लावलेल्या फणसाचा ओंडका दुसरा मिळत नाहीं.